परिचारिका रुजू होते

जबलपूरहून कटनीकडे जाणारा हमरस्ता हा जुन्या मिर्झापूर मार्गाचा एक तुकडा आहे. आगगाडी येण्यापूर्वी दक्षिणेकडचा माल याच वाटेने गंगेकडे जात असे. या रस्त्यावर पुढे स्लीमनाबाद लागते. ठगांचा बीमोड करणाऱ्या इंग्रज अधिकाऱ्याचे नाव त्या गावाने आजवर सांभाळले आहे. त्याच्या पुष्कळ अलीकडे, जबलपूर सोडून अर्धाएक तास होतो न होतो तोच पनागर येते. गाव म्हणावे तर मोठे, शहर म्हणावे तर लहान. हिवाळ्यात या भागातून मटारची पोती भरभरून जबलपूरच्या बाजारात जातात, आणि उन्हाळ्यात दुपारी रस्त्यावर चिटपाखरू दिसत नाही. अशा गावी एक सामुदायिक स्वास्थ्य केंद्र असते. नियमाप्रमाणे तेथे तीस खाटा असाव्या लागतात आणि मैदानी मुलखात सुमारे एक लाख वीस हजार वस्तीचा भार त्या तीस खाटांनी वाहावा, अशी अपेक्षा असते. या भाराचा व्यवहारातला अर्थ एवढाच, की रात्री तीन वाजता बैलगाडीतून, ट्रॅक्टरमधून वा मोटारसायकलवरून येणाऱ्या अडलेल्या बाईसमोर प्रथम जी उभी राहते ती परिचारिका होय.

या भागाचे नागपूरशी नाते जुने आहे. १७९८ च्या सुमारास हा मुलूख नागपूरकर भोसल्यांच्या हाती आला आणि १८१७ साली इंग्रजांकडे गेला. पुढे १९५६ च्या नोव्हेंबरपर्यंत जबलपूर आणि नागपूर एकाच प्रांतात नांदत होती. प्रांत वेगळे झाले, तरी माणसांच्या सवयी राजपत्रातील अधिसूचनेने बदलत नाहीत. जबलपुरात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेली मराठी कुटुंबे आजही सोयरीक जुळवताना नागपूरकडे पाहतात आणि मोठे दुखणे आले म्हणजे सिवनीच्या घाटातून त्याच दिशेने निघतात.

आता अशा एखाद्या केंद्रात काम करणारी चाळिशीतील एक परिचारिका डोळ्यांसमोर आणावी. ती कुणी विशिष्ट व्यक्ती नव्हे; तिच्यासारख्या अनेकींची मिळून ती एक आहे असे समजावे. उंची एकशे पंचावन्न सेंटिमीटर, वजन अठ्ठ्याण्णव किलो. वजनाच्या किलोंना उंचीच्या मीटरांच्या वर्गाने भागले म्हणजे जो आकडा येतो त्यास देहभार निर्देशांक म्हणतात. तिचा तो चाळिसाच्या थोडा वर जातो. भारतीयांच्या बाबतीत तेविसाच्या पुढे वजन अधिक आणि पंचविसाच्या पुढे स्थूलता, असे तज्ज्ञांनी २००९ साली ठरविले. पाश्चात्त्यांपेक्षा ही रेषा अलीकडे ओढण्याचे कारण असे, की आपल्याकडे तेवढ्याच वजनात पोटावरची चरबी अधिक असते आणि मधुमेह लवकर गाठतो. या बाईलाही त्याने गाठले आहे. गुडघे बोलू लागले आहेत. झोपेत श्वास अडखळतो, म्हणून रात्रपाळी नसली तरी सकाळी ती जागरण केल्यासारखीच उठते.

येथे कुणी सहज म्हणेल, की जी दुसऱ्यांना पथ्य सांगते तिला स्वतःचे पथ्य कळू नये काय? हा प्रश्न जितका सोपा वाटतो तितकाच अन्यायाचा आहे. इंग्लंडमध्ये २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत तेथील परिचारिकांपैकी सुमारे चारांतली एक स्थूल आढळली. ज्ञानाचा अभाव हे त्याचे कारण खास नव्हते. पाळ्यांचे काम, रात्रीचे जागरण, उभ्याने घेतलेला चहा, घास तोंडाशी नेताना आलेली हाक, घरी परतल्यावर भुकेने नव्हे तर थकव्याने घेतलेले जेवण, यांचा हिशेब शरीर ठेवीत असते. शरीराचे आतले घड्याळ रात्री अन्न पचवावयास तयार नसते, आणि रात्रपाळीचे जेवण मात्र रात्रीच होते. आपल्या देशाचे चित्र याहून चमत्कारिक आहे. २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार प्रौढ स्त्रियांपैकी १८.७ टक्के हडकुळ्या आणि २४ टक्के प्रमाणाबाहेर वजनाच्या होत्या. पनागरसारख्या ठिकाणची परिचारिका सकाळच्या एकाच रांगेत पहिल्या बाईला खायला अधिक सांगते आणि दुसरीला कमी.

पथ्य, चालणे, औषधे हे सारे करून पाहिल्यावर ती शस्त्रक्रियेचा विचार करते. या शस्त्रक्रियेचा इतिहास फार जुना नाही. १९५४ साली अमेरिकेतील मिनेसोटा येथे क्रेमेन आणि लिनर या शल्यवैद्यांनी लहान आतड्याचा मोठा भाग वगळून अन्नाचे शोषणच कमी करण्याचा मार्ग दाखविला. वजन उतरले, पण यकृत आणि मूत्रपिंडे यांची हानी होऊ लागल्याने तो मार्ग पुढे सोडून द्यावा लागला. नंतर आयोवा येथील एडवर्ड मेसन यांच्या लक्षात एक साधी गोष्ट आली: जठरव्रणासाठी ज्या स्त्रियांच्या जठराचा भाग काढला जातो, त्यांचे वजन नंतर वाढत नाही. १९६६ साली त्यांनी आणि चिकाशी इतो यांनी जठर लहान करून ते खालच्या आतड्याला जोडण्याची शस्त्रक्रिया केली. तिचीच सुधारलेली रूपे ‘बायपास’ या नावाने आज प्रचलित आहेत. दुसरी, आता अधिक प्रमाणात होणारी पद्धत म्हणजे जठराचा सुमारे तीनचतुर्थांश भाग कापून काढून टाकणे. मागे केळ्याच्या आकाराची एक अरुंद नळी उरते. पोट लहान झाल्यामुळे माणूस कमी जेवतो हे तर खरेच. पण काढलेल्या भागात भूक चेतविणारे घ्रेलिन नावाचे द्रव्य अधिक तयार होत असते, आणि तो भागच गेल्यामुळे भुकेची हाकही क्षीण होते. जपानी शास्त्रज्ञांनी हे द्रव्य शोधून काढले ते १९९९ साली. म्हणजे शस्त्रक्रिया आधी सुरू झाली आणि तिचे एक कारण पुष्कळ मागाहून कळले. वैद्यकात असे नेहमीच घडते.

ही शस्त्रक्रिया म्हणजे श्रीमंतांची हौस, अशी समजूत अजून गेलेली नाही. तिचा खर्च काही लाखांत जातो, त्यामुळे ती समजूत अगदीच निराधार म्हणता येत नाही. परंतु २०१९ साली विमा नियामक प्राधिकरणाने विम्यातून वगळावयाच्या गोष्टींचे नियम एकसारखे केले, तेव्हा निर्देशांक चाळीस असल्यास, किंवा पस्तीस असून त्यासोबत अनावर मधुमेह, हृदयविकार वा झोपेतील श्वासरोध यांसारखा गंभीर आजार असल्यास, या शस्त्रक्रियेला वगळण्याच्या यादीबाहेर ठेवले. रूप सुधारण्याचा उपाय आणि रोगावरचा उपाय यांतील भेद त्यामुळे कागदावर तरी मान्य झाला. मध्य प्रदेशातील नीमच येथील एका पोलीस निरीक्षकाचे उदाहरण अनेकांच्या स्मरणात असेल. २०१७ साली त्यांचे छायाचित्र थट्टेचा विषय झाले. त्यांचे वजन तेव्हा सुमारे एकशे ऐंशी किलो होते. मुंबईत त्यांच्यावर शस्त्रक्रिया झाली आणि वजन पुष्कळ उतरले. थट्टा देशभर झाली होती, त्यामानाने पुढची हकिगत थोड्यांनीच वाचली.

परिचारिकेची गोष्ट पोलिसाहून एका बाबतीत निराळी आहे. तिच्या धंद्याचे मुख्य साधन तिचे शरीर आहे. सुश्रूषा या शब्दाभोवती आपण इतकी कोमलता गुंडाळली आहे, की ते उचलण्याचे, वळविण्याचे, धरून ठेवण्याचे काम आहे याचा विसर पडतो. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातील अरुणा शानभाग यांच्यावर नोव्हेंबर १९७३ मध्ये अमानुष हल्ला झाला. त्या स्वतः तेथेच परिचारिका होत्या. त्यानंतर मे २०१५ मध्ये त्यांचे निधन होईपर्यंत, जवळजवळ बेचाळीस वर्षे, त्या रुग्णालयातील परिचारिकांनी त्यांना भरवले, न्हाऊ घातले, कुशीवर वळवले. २०११ साली सर्वोच्च न्यायालयात त्यांच्या प्रकरणाचा विचार झाला, तेव्हा इतक्या वर्षांच्या अंथरुणानंतरही त्यांच्या अंगावर शय्याव्रण नव्हते, ही गोष्ट पुढे आली. त्या एका वाक्यामागे किती हातांनी किती हजार वेळा एक देह उचलला असेल याचा हिशेब कुणी मांडलेला नाही. निपचित पडलेल्या माणसाला साधारण दर दोन तासांनी कूस बदलून द्यावी लागते. मोठ्या रुग्णालयात त्यासाठी चार हात मिळतात. लहान केंद्रात रात्री ते दोनच असतात, फार तर वॉर्डातील आयाचे आणखी दोन.

म्हणून नागपूरहून टाके सुकवून परत आलेल्या परिचारिकेपुढचा पहिला प्रश्न वजनाचा नसतो, उचलण्याचा असतो. शस्त्रक्रिया आता दुर्बिणीने, पोटावर चारसहा लहान छिद्रे पाडून होते. बाहेरची जखम आठदहा दिवसांत नाहीशी झाल्यासारखी दिसते. बसून करावयाचे काम असेल तर दोनतीन आठवड्यांत माणूस कचेरीत जाऊ शकतो. परंतु आतील स्नायूंचे थर बाहेरच्या कातडीइतके घाई करीत नाहीत. चार ते सहा आठवडे जड वजन उचलू नये असे सांगतात, ते छिद्राच्या जागी अंतर्गळ होऊ नये म्हणून. सांगताना बहुधा पाण्याच्या बादलीचे किंवा धान्याच्या पिशवीचे उदाहरण दिले जाते. परिचारिकेने ते उदाहरण आपल्या मनाशी बदलून घ्यावे लागते. स्ट्रेचरवरून खाटेवर घ्यावयाचा माणूस पन्नास किलोंचा असतो आणि तो बादलीसारखा स्थिर राहत नाही. धडधाकट परिचारिकेनेही उपकरणाशिवाय सुमारे सोळा किलोंहून अधिक भार घेऊ नये, अशी मर्यादा अमेरिकेतील तज्ज्ञांनी २००७ मध्ये सुचविली. आपल्या वॉर्डांत ही मर्यादा वाचून दाखविली तर हसे होईल. पण हसे झाले तरी मर्यादा खोटी ठरत नाही.

दुसरा प्रश्न कागदाचा. केंद्र सरकारच्या १९७२ च्या रजा नियमांत अशी तरतूद आहे, की वैद्यकीय प्रमाणपत्रावर रजा घेतलेल्या कर्मचाऱ्याने प्रकृती ठीक असल्याचा दाखला आणल्याखेरीज त्यास कामावर रुजू होता येत नाही. राज्यांचे नियमही याच वळणाचे असतात. तरतूद योग्यच आहे. अर्धपगारी रजा वर्षाकाठी वीस दिवस खात्यावर जमा होते, दाखल्याच्या आधारे तीच निम्मी करून पूर्ण पगारावर घेता येते, आणि या हिशेबात सहा आठवडे बसविणे फारसे कठीण नाही. अडचण दाखल्याच्या भाषेत आहे. तो दाखला ‘कामास पात्र’ किंवा ‘अपात्र’ एवढेच जाणतो. पात्र आहे, परंतु दर पंधरा मिनिटांनी दोन घोट पाणी प्यावयास मोकळीक हवी. पात्र आहे, परंतु पुढील महिनाभर प्रसूतिकक्षाऐवजी लसीकरणाच्या खोलीत असावी. असे लिहावयास त्या कागदावर जागा नसते. ज्या डॉक्टरने हे लिहावयाचे तो नागपुरास असतो, ज्या अधिकाऱ्याने वाचावयाचे तो पाळ्यांच्या तक्त्यातील रिकाम्या चौकोनाकडे पाहत असतो. दोघेही आपापल्या जागी बरोबर असतात.

त्या दोन घोट पाण्याची गोष्ट क्षुल्लक नाही. शस्त्रक्रियेनंतर रुग्णास पुन्हा रुग्णालयात आणणाऱ्या कारणांत शरीरातील पाणी कमी होणे हे एक प्रमुख कारण आहे. पूर्वी तहान लागली की तांब्याभर पाणी पिऊन भागत असे. आता त्या अरुंद नळीत एका वेळी घोटभरच मावते. दिवसाकाठी दीड ते दोन लिटर पाणी पोटात जावे लागते आणि ते जेवताना प्यावयाचे नाही. जेवणाच्या पुढेमागे अर्धा तास सोडून प्यावयाचे. शाळेत बेरीज शिकलेल्या कुणालाही कळेल, की याला दिवसभर थेंबे थेंबे तळे साचविण्याखेरीज उपाय नाही. आणि परिचारिका तर पाणी न पिण्यात तरबेज असते! कामावर असताना स्वच्छतागृहात जावयास सवड मिळत नाही, म्हणून कित्येकींनी वर्षानुवर्षे तहान मारावयाची सवय लावून घेतलेली असते. मे महिन्यात जबलपूरच्या आसपास पारा बेचाळिसाच्या वर सहज जातो. अशा दुपारी प्रसूतिकक्षात चार तास उभी राहिलेली, नुकतीच शस्त्रक्रिया झालेली बाई चक्कर येऊन पडली तर लोक म्हणतील, उपाशी राहते म्हणून पडली. ती तहानेने पडलेली असते.

चक्कर आलेल्या सहकारिणीला सलाईन लावणे हा वॉर्डातील प्रेमाचा सर्वांत जवळचा मार्ग आहे. येथे मात्र सावध राहावे लागते. शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या महिन्यांत काही रुग्णांना दिवसेंदिवस वांत्या होतात. अन्न टिकत नाही, आणि शरीरातील थायमिन, म्हणजे ब-१ जीवनसत्त्व, काही आठवड्यांतच आटते. त्याचा साठा मुळातच थोडा असतो. अशा माणसाला नुसती ग्लुकोजची बाटली चढविली तर ते ग्लुकोज जाळण्यासाठी उरलेसुरले थायमिनही खर्ची पडते आणि मेंदूला इजा पोचू शकते. नजर दुहेरी होते, चाल डळमळते, बोलण्यात गोंधळ होतो. यावरील उपाय स्वस्त आहे: ग्लुकोजच्या आधी थायमिनचे इंजेक्शन. परंतु ते करावयाचे तर वॉर्डातील दुसऱ्या कुणाला तरी ठाऊक असावयास हवे, की या बाईंचे ऑपरेशन झाले आहे. आणि नेमकी तीच गोष्ट ती पुष्कळदा लपविते.

का लपविते, हे समजण्यासाठी फार दूर जावयास नको. ती रजेवर गेली ती ‘पोटाचे ऑपरेशन’ एवढेच सांगून. परत आल्यावर अंगावरचा गणवेश दर महिन्याला सैल होत जातो. या भागात झपाट्याने वाळणे म्हणजे क्षय किंवा त्याहून वाईट काही, असा पिढ्यांचा अनुभव आहे. रांगेतील म्हाताऱ्या हात धरून विचारतात, “सिस्टर, बीमार रही क्या?” तिने खरे सांगितले तर दुसरा प्रश्न तयार असतो: कुठे केले, किती लागले, आमच्या सुनेचे होईल का? आणि तिसरी गोष्ट कुणी तोंडावर बोलत नाही, पण चहाच्या वेळी बोलली जाते, ती अशी की इतरांना चालावयास सांगणाऱ्या बाईने स्वतः मात्र जवळची वाट धरली. ज्या वाटेवर पुढील सर्व आयुष्यभर गोळ्या, रक्ततपासण्या आणि मोजलेले घास आहेत, ती जवळची कशी, हे विचारणारे थोडे. रमाबाई रानड्यांच्या पुढाकाराने पुण्यास १९०९ साली सेवासदन सुरू झाले आणि त्यातील स्त्रिया ससून रुग्णालयात परिचर्येचे शिक्षण घेऊ लागल्या, तेव्हा परक्याच्या देहाला हात लावणाऱ्या बायकांविषयी समाज बोलत होता. शंभर वर्षांनंतर बोलणे परिचारिकेच्या स्वतःच्या देहाकडे वळले आहे, एवढाच फरक.

म्हणून तिने साऱ्या गावाला सांगावे असे नाही. तिचा देह म्हणजे फळ्यावर लावावयाची जाहिरात नव्हे. परंतु मुख्य परिचारिका, केंद्राचे वैद्यकीय अधिकारी आणि पाळीवरची एक मैत्रीण, इतक्यांना ते माहीत असणे हा संकोचाचा नव्हे, सुरक्षिततेचा प्रश्न आहे. त्यांनी आणखी दोन गोष्टी ध्यानात ठेवावयाच्या. शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या दिवसांत नाडी सतत मिनिटाला एकशे वीसच्या वर राहिली, ताप आला, खांद्याशी वा पोटात कळ उठली, तर शिवणीतून गळती होत असण्याचा संभव असतो. दुसऱ्याच्या नाडीवर बोट ठेवणारी परिचारिका स्वतःच्या नाडीला ‘जिना चढून आले म्हणून’ असे निमित्त देते. आणि पाठ दुखू लागल्यावर वॉर्डाच्या ट्रेमधून सहज उचलून घेतली जाणारी डायक्लोफिनॅकची गोळी तिने घ्यावयाची नाही. बायपास झालेल्यांना तर ती विशेषच वर्ज्य, कारण जोडाच्या जागी व्रण होतो. वर्षानुवर्षे ज्या ट्रेशी घरोबा, त्याच ट्रेपासून चार पावले दूर राहणे तिला शिकावे लागते.

जेवणाचे काय? पहिले दोन आठवडे द्रव, मग मऊ कालवलेले अन्न, मग हळूहळू नेहमीचे. वरणाचे पाणी, ताक, पातळ सातू, मऊ खिचडी असा हा क्रम मराठी स्वयंपाकघराला अपरिचित नाही. बाळंतिणीच्या आणि तापकऱ्याच्या पथ्यात हेच असते. खरी परीक्षा पुढे येते. दिवसाला साठ ग्रॅम तरी प्रथिने पोटात जावयास हवीत आणि पोटात जागा वाटीभराची. एका अंड्यात सहा ग्रॅम, घट्ट वरणाच्या वाटीत साधारण तेवढीच, शंभर ग्रॅम पनिरात अठराच्या आसपास. भात आणि पोळी यांनी आधीच जागा अडविली तर प्रथिनांना वाव उरत नाही. म्हणजे ताटातील मानापमान बदलतात. आजवर कडेला बसणारे वरण मध्यभागी येते आणि पोळीला कोपरा मिळतो. घास लहान, चावणे सावकाश, जेवावयास वीस ते तीस मिनिटे. पाळीवरची परिचारिका सात मिनिटांत डबा संपविते, आणि तीही बहुधा दोन हाकांच्या मधल्या सात मिनिटांत. या वीस मिनिटांसाठी तिला कुणाला तरी सांगून जावे लागेल, कुणीतरी तिची जागा राखावी लागेल. शस्त्रक्रियेचा खर्च लाखांत मोजला जातो. तिचे यश मात्र पुष्कळदा या वीस मिनिटांवर अवलंबून असते.

प्रसूतिकक्षातील परिचारिकेच्या वाट्याला आणखी एक संकट येते, ते गोड असते. मूल झाले की नातलग मिठाईची पुडी घेऊन येतात आणि पहिला मान सिस्टरचा. जबलपूरकडे खव्याची जिलबी प्रसिद्ध आहे. काळसर तांबूस, पाकात मुरलेली, हातात घेतली तरी जड. बायपास झालेल्या माणसाने ती पूर्वीसारखी खाल्ली, तर साखरेचा लोंढा जठरात न थांबता थेट आतड्यात उतरतो. काही मिनिटांत छाती धडधडते, घाम फुटतो, पोटात मुरडा येतो, आडवे व्हावेसे वाटते. तासा-दोन तासांनी रक्तातील साखर उलट खाली जाऊन हात कापू लागतात. हातात सुई असताना हात कापणे परवडणारे नाही. नाही म्हणावे तर आजी दुखावते. तेव्हा कणभर जिभेवर ठेवून उरलेली पुडी आयाच्या हाती देण्याचा जुना शिष्टाचार उपयोगी पडतो.

या सर्वांत एक योगायोग मनोवेधक आहे. ती गरोदर स्त्रियांना लोहाच्या गोळ्या मोजून देते आणि मागील महिन्याच्या घेतल्या की भिंतीवर ठेवल्या असे दरडावून विचारते. आता तिला स्वतःला लोह, कॅल्शियम, ड आणि ब-१२ ही जीवनसत्त्वे जन्मभर घ्यावयाची आहेत. लोह आणि कॅल्शियम एकदम घेतली तर एकमेकांना अडवितात, म्हणून त्यांत दोन तासांचे अंतर. रात्रपाळीत हे अंतर कसे राखावे, सकाळची गोळी सकाळ म्हणजे नेमकी कोणती समजून घ्यावी, याचे उत्तर डॉक्टरांच्या चिठ्ठीत नसते. तीनचार महिन्यांनी केस मुठीने गळू लागतात आणि ती घाबरते. बहुतेकींचे ते पुन्हा येतात. महिनाभर गोळ्या राहून गेल्या, की जिला ती दरडावीत असे त्या बाईची कुचंबणा तिला प्रथमच नीट कळते. मूल हवे असेल तर वर्ष-दीड वर्ष थांबावयाचे असते. चाळिशीच्या उंबरठ्यावर हा सल्ला देणे सोपे आणि घेणे कठीण.

रुजू झाल्यावर लगेच ती पूर्वीसारखी कामाला येईल, असे कुणी धरून चालू नये. स्वीडनमध्ये १९८७ पासून दोन हजारांवर शस्त्रक्रिया झालेल्यांचा आणि तितक्याच न झालेल्यांचा दीर्घकाळ मागोवा घेण्यात आला. त्यात पहिल्या वर्षी शस्त्रक्रिया झालेल्यांच्या आजारपणाच्या रजा इतरांहून अधिक भरल्या. पुढील दोन वर्षांत मात्र त्या कमी झाल्या. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच अभ्यासात शस्त्रक्रिया झालेल्यांत मृत्यूचे प्रमाणही कमी दिसले. कार्यालयप्रमुखाच्या दृष्टीने यातील पहिले वर्ष महत्त्वाचे. जो पहिल्या तिमाहीच्या हजेरीवरून मत बनवील त्याला हा सारा उद्योग तोट्याचा वाटेल. वजन वर्षभरात चतुर्थांशाहून थोडे अधिक उतरते; अठ्ठ्याण्णवाची ती सत्तराच्या आसपास येते, पन्नासावर नव्हे. पुढे त्यातील काही भाग परतही येतो. मधुमेहाची औषधे मात्र कित्येकांची पहिल्या काही आठवड्यांतच कमी करावी लागतात, आणि तसे न केल्यास साखर धोक्याइतकी खाली जाते.

लहान केंद्रातही तिला पहिले दोन महिने बसविण्याजोगी जागा शोधता येते. लसीकरण, गरोदर स्त्रियांची नोंदणी, रक्तदाब आणि साखर तपासण्याची खोली ही सारी कामे आहेत आणि ती महत्त्वाची आहेत. अडचण तिची जागा शोधण्याची नसून तिने सोडलेल्या जागेची आहे. प्रसूतिकक्षाची रात्र कुणाच्या वाट्याला जाणार? जिच्या वाट्याला जाईल तिच्या घरीही लहान मूल असते, सासूबाईंचे पथ्य असते. सवलत ही नेहमी दुसऱ्या कुणाच्या तरी वेळातून कापून दिली जाते, आणि ती जिच्याकडून घेतली तिला कुणी विचारले नसेल तर सहा महिने वॉर्डात अबोला राहतो. ज्या मुख्य परिचारिका शहाण्या असतात त्या तक्ता करण्यापूर्वी दोघींना समोर बसवून घेतात आणि परतफेडीची पाळीही त्याच वेळी लिहून ठेवतात.

नागपूरच्या तपासण्या तीन, सहा आणि बारा महिन्यांनी, नंतर दरवर्षी. रक्त द्यावयास उपाशी जावे लागते, म्हणून आदल्या रात्री निघणारी गाडी धरावी लागते. रक्तातील ब-१२ हळूहळू आणि मुकाट्याने उतरते. हातापायांना मुंग्या येईपर्यंत काही कळत नाही, आणि दिवसभर उभी राहणारी बाई मुंग्यांना उभे राहण्याचा परिणाम समजते. तेव्हा ती तपासणी चुकू नये यासाठी तारीख तीन महिने आधी ठरते, आणि त्या तारखेच्या चौकोनात तिच्या नावाऐवजी दुसरे नाव, त्या दुसरीच्या संमतीने, शिसपेन्सिलीने नव्हे तर शाईने लिहिलेले असावे लागते.